स्थळाला सांगायचं काय, विचारता, आणि पोरीला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा येतोच. कधी हळदीकुंकवात कोपऱ्यात घेऊन, कधी ओळखीच्या ओळखीनं फोनवर. खानापूरकडची, निपाणीकडची कुणाची तरी आई असते आणि आवाज एकदम खाली जातो, "ताई, लहानपणी आमच्या पोरीला तसलं झालेलं. आता स्थळं बघायलोय. सांगायचं काय ओ?"

तसलं म्हणजे कॅन्सर. मलाही तसलंच झालेलं, 2003 साली, सहा वर्षांची असताना. रक्ताचा.

मला मात्र "अंगात रक्त कमी आहे" एवढंच सांगितलेलं. उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलात, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. आठवतं ते लाल औषध. त्यानं लघवीही लाल व्हायची आणि मी किंचाळायचे. केस गेले तेव्हा आईनं गल्लीत सांगून टाकलं, तिरुपतीला दिले. केस आले आणि पुढच्या फेरीत परत गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "परत तिरुपती?" आई म्हणाली, "नवस दोन होते."

मग घरी गोळ्या, दोनेक वर्षं. खानापुरात रक्त तपासून आणलं की बाबा पांढऱ्या पेशींचा आकडा कालनिर्णयावर लिहायचे, दुधाच्या रतिबाशेजारी. 3200. 2800. कुणी बघितलंच तर दुधाचा हिशेब! (एवढं दूध लागत असतं तर आम्ही म्हशीच पाळल्या असत्या.)

हे सगळं धाकट्या बहिणीसाठी. एकीचं कळलं की दोघींची स्थळं जातात, हे आईचं गणित. ते चुकीचं होतं असं आजही छातीठोकपणे म्हणवत नाही. कारण कुजबुज पोचलीच होती. काकूंकडे सगळ्या पोरांना पाणी स्टीलच्या पेल्यातून, मला एकटीला काचेच्या ग्लासातून. तो ग्लास नंतर वेगळा ठेवायच्या. कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला वाटायचं, काचेचा म्हणजे पाहुण्यांचा, मानाचा.

2013 ला पीयूसीच्या (म्हणजे अकरावीच्या) ॲडमिशनसाठी जन्मदाखला शोधताना ट्रंकेत आईच्या शालूखाली फाईल सापडली. खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाची पिशवी, डांबरगोळ्यांचा वास आणि पहिल्याच पानावर ल्युकेमिया. मला आजाराचा राग आला नाही. घरात सगळ्यांना ठाऊक, काकूंना ठाऊक, आणि जिच्या अंगावरून गेलं तिलाच नाही, याचा आला. आठ दिवस मी आईशी बोलले नाही.

म्हणून स्थळाचं राहू दे बाजूला, मी उलट विचारते: पोरीला सांगितलंय काय? निम्म्या वेळा फोनवर नुसती शांतता.

आमच्या घरी तपासण्याही याच भीतीनं थांबल्या होत्या. गोळ्या संपल्यावर चार वर्षं मुंबईला गेलो, मग आई म्हणाली, आता बास, कुणी बघेल. पण त्या लाल औषधाचा परिणाम हृदयावर पुष्कळ वर्षांनीही दिसू शकतो. म्हणून अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो, आणि बाळंतपणाचा विचार असेल तर त्याआधी नक्कीच. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं क्लिनिक आहे. मी परत गेले तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच विचारलं, ते औषध एकूण किती गेलं? उत्तर फाईलीत होतं. ज्या पोरीला आजारच माहीत नाही, ती बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरला काय सांगणार?

तिथल्याच बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी भेटली. कॉलरबोनखालचा पोर्टचा, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवतात त्या डबीचा, व्रण तिनं ओढणीनं झाकला नव्हता. मी बघतच राहिले. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' म्हणून बऱ्या झालेल्यांचा गट आहे, तो मला तिच्याकडून कळला. गावात मायेची माणसं कमी नव्हती, पण "आता बरी आहेस ना?" न विचारणारी ती पहिलीच.

आता स्थळाचं. चहा-पोह्याच्या दिवशी सांगू नका, अख्ख्या गावाला तर नकोच. पण दोन्हीकडून मनावर घेतलं की साखरपुड्याआधी सांगा, आणि पोरीला स्वतः सांगू दे. चंदगडकडच्या एका स्थळाला मी सांगितलं, चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी अठ्ठावीस गुण जुळले होते! रडले, खोटं कशाला बोलू. पण न सांगता लग्न झालं असतं तर इकोला जाताना दर वेळी नवा नवस शोधत बसावं लागलं असतं, त्यापेक्षा हे बरंच झालं.

मूलबाळ होईल काय, हेही विचारतात. माझ्यासारख्या रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेल्या बहुतेक मुलींना अडचण येत नाही. ओटीपोटाला रेडिएशन दिलं असेल किंवा काही ठरावीक औषधं जास्त गेली असतील तर येऊ शकते, तेव्हा फाईल घेऊन डॉक्टरांनाच विचारा. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमासारखे थोडे प्रकार सोडले तर कॅन्सर आईकडून लेकराकडे जात नाही.

आणि त्या फाईलीची झेरॉक्स आजच काढा. माझ्या फाईलीतली बॉलपेनची अक्षरं पुसट व्हायलीत, एका पानावरचा डोस भिंग लावून वाचावा लागला. दोन प्रती काढा. एक ट्रंकेत ठेवा हवी तर, दुसरी तिच्या हातात द्या.