अर्धी रेघ

कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये रेघेला जाडी नसते. मी काँक्रीटच्या इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करते, तोक्योत, बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत रेघेच्या जाडीचा विचार करायची वेळ कधी आली नाही. लाकडावर शाईने मारलेल्या रेघेला मात्र जाडी असते, आणि ती खाचेच्या वाट्याची की खाचेत शिरणाऱ्या कुसूच्या, हे ठरल्याशिवाय करवत उचलायची नाही, असं तोर्योंनी पहिल्याच शनिवारी सांगितलं.

तोर्यो म्हणजे मुख्य सुतार. त्यांचं आवार हान्नोच्या बाजूला आहे, तोक्योतल्या इकेबुकुरोहून सेइबू रेल्वे लाइननं तासाभराच्या अंतरावर. हा डोंगराळ भाग सुगी आणि हिनोकीच्या लाकडाचा (सुगी म्हणजे आपली सुगी नव्हे, जपानी देवदार; हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस). एदोच्या काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथले ओंडके तराफे बांधून नदीतून शहरात जायचे. पश्चिमेच्या नदीवरून येणारं म्हणून त्याला ‘निशिकावा’ लाकूड म्हणत, अजूनही म्हणतात. आज जपानमध्ये खांब-तुळईची जी नवी घरं होतात त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक घरांचे सांधे कारखान्यात यंत्रावर कापून येतात. १९८० साली देशात ९ लाखांहून जास्त सुतार होते, २०२० मध्ये ३ लाखांपेक्षा कमी उरले. म्हणून तोर्योंनी आवार आमच्यासारख्यांना उघडं केलं. आम्ही बारा जण. एक नर्स, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त बसचालक, बाकी असेच. नोव्हेंबर ते मार्च, दर शनिवारी, अवजारं ठेवायची एक खोली बांधायची: १२ शाकू लांब, ९ शाकू रुंद, म्हणजे साधारण ३.६ बाय २.७ मीटर. आठ खांब, आणि सांगाड्यात एकही खिळा नाही.

पहिले तीन शनिवार फक्त धार लावण्यात गेले. पटाशी, पाण्याचा दगड, लाल झालेली बोटं. त्याबद्दल इतकंच.

मग आखणी. सूत मारण्याची शाईची दौत आपल्याकडच्या सुतारांकडेही असायची. इथल्या दौतीला सुमित्सुबो म्हणतात, आत शाईत भिजलेला कापूस आणि चाकावर रेशमी दोरा. बारीक रेघांसाठी बांबूची चपटी लेखणी, टोकाला उभ्या चिरा देऊन केलेली. प्रत्येक खांबाला पत्ता असतो. एका दिशेला ‘इ, रो, हा’ अशी जुन्या क्रमाने जपानी अक्षरं, दुसऱ्या दिशेला आकडे. ‘रो-तीन’ म्हटलं की तो खांब कुठे उभा राहणार आणि त्याचं तोंड कुठे, सगळं ठरलं. खांबाचा बुंधा खाली, शेंडा वर, झाड जसं उभं होतं तसंच.

आणि रेघेचे तीन हुकूम: रेघ ठेवा, रेघ काढून टाका, रेघ अर्धी करा. तिसरा सगळ्यात अवघड, कारण करवतीचं पातं रेघेच्या मधोमध चालवून अर्धी शाई लाकडावर दिसली पाहिजे. एकच माणूस सगळं घर कापत असेल तर त्याची सवय त्याला सांभाळून घेते. बारा जणांत तसं होत नाही. खाच माझी, कुसू नर्सबाईंचं, आणि दोन्ही एकमेकांना थेट उभारणीच्या दिवशी भेटणार.

माझ्या वाट्याला वळचणीच्या तुळईचा जोड आला, ओक्काके-दाइसेन-त्सुगी. ती १६ शाकूंची तुळई आम्ही मुद्दाम दोन तुकड्यांत केली, हा जोड शिकायला मिळावा म्हणून. खालचा तुकडा मी कापायचा, वरचा बसचालक काकांनी. वरचा तुकडा वरून घसरत खाली येतो, आतल्या तिरक्या पृष्ठांवर घट्ट होत जातो, आणि शेवटी आडव्या दोन खुंट्या ठोकल्या की दोन्ही तुकडे एकमेकांना ओढून धरतात. मी सहा शनिवार त्यावर होते. लाकूड कमी झालं तर परत येत नाही या भीतीने मी सगळीकडे रेघ पूर्ण ठेवली. काकांनीही तेच केलं होतं, त्याच भीतीने. लाकडी घोड्यांवर अर्धवट जुळवून पाहिलं तर जोड दीड सून, म्हणजे साडेचार सेंटिमीटर, वरच अडकला. उताराच्या जोडात हे असंच होतं. कागदाइतकं जास्तीचं लाकूडही त्याला बोटभर वर थांबवतं.

तोर्यो वाकून बघत राहिले. पटाशी त्यांनी हातात घेतली नाही. "दोघांनीही स्वतःला वाचवलंत," एवढंच म्हणाले. मला ते फार लागलं. ऑफिसात मी हेच करते, प्रत्येक जण आपापल्या आकड्यात थोडी जास्तीची सुरक्षा घालतो आणि आम्ही त्याला काळजी म्हणतो.

मग त्यांनी जोड उघडायला लावला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. जिथे लाकूड लाकडाला दाबलं होतं तिथे ते चकाकत होतं. फक्त चकाकणारी जागा तासायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. काका त्यांच्या बाजूने, मी माझ्या. दोन वेळा उघडलं, तिसऱ्यांदा नाही, कारण दर जुळणीला जोड थोडा ढिला होतो. शेवटचा अर्धा सून उभारणीच्या दिवसासाठी राखून ठेवला.

खांबांचे पाय त्याआधी झाले. इथे खांब नदीतल्या ओबडधोबड दगडावर नुसता उभा राहतो. दगडाचा उंचसखलपणा कंपासने खांबाच्या बुडावर उतरवायचा आणि तसं बूड कोरायचं. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. संगमेश्वरकडच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत बसले होते. म्हणाले, "अगो, तळखडाच तो! पण आपण दगड घडवतो, हे लाकूड घडवतायत."

जुनं म्हणजे भक्कम, असं मी म्हणणार नाही. १९९५च्या कोबेच्या भूकंपात जड कौलांची, अपुऱ्या भिंतींची, वाळवीने खाल्लेली कितीतरी लाकडी घरं माणसांवर कोसळली. पण नीट केलेल्या सांगाड्यात खांबांच्या आरपार ज्या आडव्या पट्ट्या जातात, नुकी, त्या हादऱ्यात खांबाच्या लाकडात थोड्या रुततात. त्या रुतण्यात जोर जिरतो. याला इथे मेरिकोमी म्हणतात. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण आमची पहिली चौकट उभी राहिल्यावर खांद्याने ढकलली तेव्हा ती सावकाश झुकली, कुरकुरली आणि परत आली. माझ्या अंगावर काटा आला.

उभारणी मार्चमध्ये झाली. सकाळी कुसूंना हातोडीच्या फुगीर तोंडाने हलकं ठोकून दाबून घेतलं, म्हणजे आत जाताना सोपं जातं आणि नंतर लाकूड दमट हवेने फुगून घट्ट बसतं. या कृतीचं नाव किगोरोशी, शब्दशः लाकूड मारणं. तुळई एकाच वेळी तीन खांबांच्या कुसूंवर उतरवावी लागते. प्रत्येक खांबाशी एक जण मोगरी घेऊन. तोर्यो ओरडले, "से-नो!" आणि घाव पडू लागले, पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. एकाने जरा जास्त जोर केला की तुळई तिरकी होऊन सगळ्यांनाच थांबावं लागायचं. मग आमचा जोड. काका वर, मी खाली. ठोकताना आधी पोकळ आवाज येत होता, मग तो हळूहळू जाड होत गेला आणि एका घावाला एकदम बंद. मी जोडावरून अंगठा फिरवला तर फट लागली नाही. काका वरून म्हणाले, "झालं का?" माझ्याच्याने बोलवेना.

संध्याकाळी आढं चढलं. तोर्योंनी मीठ, तांदूळ आणि साके (तांदळाची दारू) ठेवून नमस्कार केला, वरून शेजाऱ्यांच्या पोरांवर तांदळाचे गोळे, मोची, उधळले. आढ्याला लावायच्या लाकडी पाटीवर तारीख आणि आम्हा सगळ्यांची नावं होती. माझं नाव मी देवनागरीत लिहिलं, त्यांनीच सांगितलं तसं.

मेमध्ये पुन्हा गेलो. लाकूड वाळलं की नुकीच्या पाचरी सैल होतात, त्या एकदा ठोकाव्या लागतात. काकांनी ‘इ’ रांग घेतली, मी ‘रो’. ‘रो-तीन’ला दोन घाव लागले. बाकी घट्ट होत्या.