बियरचा मुतखडा

घरी बियर बनवतो असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यासमोर फेसाळता ग्लास येतो, प्रत्यक्षात हा छंद म्हणजे निम्म्याहून जास्त धुणीभांडी. 23 लिटरचा एक घाणा लावला की अर्ध्या लिटरच्या चाळीसेक बाटल्या लागतात, आणि चव यीस्टच्या हातात असली तरी माल नासणार की टिकणार हे घासणाऱ्याच्या हातात. इंग्लंडात 1963 पासून घरी पिण्यापुरती बियर करायला लायसन लागत नाही, फक्त विकायची नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा, त्यामुळे तिकडेच राहिलो असतो तर हा उद्योग डोक्यात आलाच नसता.

लंडनकडचं पाणी जड. चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्यांमधून झिरपत येतं आणि येताना चुना घेऊन येतं, तो सरळ आपल्या किटलीत, चहावर पातळ पापुद्रे तरंगतात ते हेच. जुन्या काळी ह्याच पाण्यावर लंडनची काळी पोर्टर बियर गाजली, कारण भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) आंबटपणा ह्या पाण्याला पुरून उरतो. पण बाटली धुणाऱ्याला त्या इतिहासाचं काय कौतुक.

तर बाटल्या. लेबलं सुटावी म्हणून आपण त्या रात्रभर ऑक्सिजनवाल्या पावडरीत भिजत घालतो. पावडर म्हणजे सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात पडली की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. सकाळी लेबलं आपोआप वर तरंगतायत, मन प्रसन्न, आणि दुपारी बाटल्या वाळल्या की सगळ्या आतून-बाहेरून भस्म फासल्यासारख्या! ब्रशने घासा, जात नाही. ओली केली की काच लख्ख, वाळली की भस्म परत हजर. हा मळ नसतोच मुळी, पाण्यातलं कॅल्शियम आणि सोड्यातलं कार्बोनेट रात्रीत एकत्र आलेलं असतं, म्हणजे साफ करायला आणलेल्या पावडरीनेच आपल्याला चुना लावलेला असतो.

ह्यावर घासणं हा उपाय नाही, आंबट हा उपाय आहे. साधं पांढरं व्हिनेगर किंवा कोमट पाण्यात लिंबूसत्व, बाटली भरून ठेवा, काचेला बारीक बुडबुडे धरतात आणि थर विरघळतो, मग नुसतं विसळायचं. काही लोक जोर वाढावा म्हणून व्हिनेगरमध्ये सोडा टाकतात आणि फेस बघून खूश होतात, अहो तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांना संपवलं त्याचा, खाली उरतं खारट पाणी. आणि ब्लीच तर व्हिनेगरच्या आसपाससुद्धा नको, क्लोरीन वायू सुटतो. एवढं करूनही बाटली धुरकट राहिली तर समजायचं कडक सोड्यात फार दिवस पडून काचच खाल्ली गेलीये, तिच्यात तेल भरून मोकळं व्हायचं.

स्टीलच्या फर्मेंटरच्या, म्हणजे बियर आंबवायच्या टाकीच्या, आतला थर मात्र वेगळ्याच जातीचा. भुरकट, बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो, व्हिनेगरला दाद देत नाही. माल्टमधलं ऑक्झॅलिक ॲसिड आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं, त्यात प्रोटीन अडकतं, आणि त्या खाचखळग्यांत जंतू असे लपतात की पुढचा घाणा नासलाच म्हणून समजा. आधी अल्कलीने प्रोटीन काढायचं, धुवायचं, मग फॉस्फरिक ॲसिडवालं क्लीनर लावायचं. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलवर अजिबात नको, क्लोराइडने स्टीलला बारीक भोकं पडतात. बियर बनवणारे लोक ह्या थराला बियरस्टोन म्हणतात, म्हणजे बियरचा खडा.

आता हे कॅल्शियम ऑक्झलेट आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. अळूने घसा खाजतो तो ह्याच्याच सुयांमुळे, म्हणून तर फतफत्यात चिंच. आणि बहुतेक मुतखडे असतात तेही ह्याचेच. गंमत बघा, आपल्याकडे कुणाला मुतखडा झाला की घरातला एखादा मामा हळूच सांगतो, बियर पी रे, खडा सुर्रकन पडेल. बियरने लघवी जास्त होते हे खरं, पण डॉक्टर सांगतात ते साधं पाणीच, आणि इकडे तीच बियर निव्वळ उभी राहून टाकीला आतून तोच खडा चिकटवून जाते!

माझ्या मामाला मी फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग तुझ्या त्या टाकीतला खडा कशाने जातो? म्हटलं फॉस्फरिक ॲसिडने. ते कुठे मिळतं रे? आता ते कोलामध्येही थोडं असतं हे मी त्याला मुळीच सांगणार नाहीये, सकाळ-संध्याकाळ सुरू करेल.