तपकिरी पेलेटचा दिवस

वनस्पतीशास्त्रातल्या प्रशिक्षणासाठी अनुदान मागताना अंदाजपत्रकाचे रकाने ठरलेले असतात: प्रवास, निवास, मानधन, रसायनं. सहभागींच्या स्वतःच्या झाडांसाठी रकाना सहसा नसतो. पानांतून आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) काढण्याच्या कार्यशाळेत या वेळी आम्ही तो घातला. सरावाला अराबिडॉप्सिस, म्हणजे प्रयोगशाळांत नेहमी वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप, होतंच, शिवाय ज्याने त्याने आपल्या प्रकल्पातली पानं आणायची होती.

अराबिडॉप्सिसचे नमुने तयार रसायनांच्या किटमधून सुरळीत निघाले. द्राक्ष, कापूस आणि पाइनच्या नमुन्यांचं गाडं मात्र अडलं. इथॅनॉल घालताच ट्यूबमध्ये चिकट गोळा झाला, कॉलममधून, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या नळीतून, द्रव खाली उतरेना, आणि एकीच्या कॉलमवर तर तपकिरी डाग दिसत होता. मोजणीत २६०/२३० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींच्या प्रकाशशोषणावरून शुद्धता सांगणारा आकडा) १ च्याही खाली होतं. चांगल्या आरएनएत ते २ च्या आसपास असावं लागतं.

दोष हाताचा नव्हता. पेशी फुटल्या की पानातल्या फिनॉलिक द्रव्यांचं (कापलेलं फळ काळं पाडणाऱ्या द्रव्यांचं) ऑक्सिडेशन होऊन क्विनोन बनतात आणि ते आरएनएला घट्ट चिकटतात. मग कितीही धुतलं तरी सुटत नाहीत. पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, इथॅनॉलमध्ये आरएनएबरोबरच खाली बसतात आणि कॉलम तुंबवतात. अराबिडॉप्सिसच्या कोवळ्या पानात ही दोन्ही कमी, म्हणून त्याच्यावर शिकलेला हात इतर झाडांवर अडतो.

दुपारी किट बाजूला ठेवून सीटॅब (साबणासारखं, पेशी फोडणारं रसायन) असलेला बफर घेतला. १९९३ साली पाइनसाठी प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचाच हा अवतार आहे: सीटॅब २ टक्के, पीव्हीपी (फिनॉलिक द्रव्यांना धरून ठेवणारं पॉलिमर) २ टक्के, ट्रिस १०० मिलिमोलर, ईडीटीए २५ मिलिमोलर, सोडियम क्लोराइड २ मोलर. बीटा-मरकॅप्टोइथॅनॉल २ टक्के, तेही वापरायच्या अगदी आधी आणि फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात). पानांच्या १०० मिलिग्रॅम पुडीला १ मिलिलिटर बफर, आणि तो आधीच ६५ अंशांवर तापवून ठेवलेला.

ही पूड करायला पानं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात घोटतात, आणि सगळ्यात जास्त नमुने तिथेच वाया जातात. नायट्रोजन उडून गेला तरी घोटणं चालूच राहतं. खलाच्या कडेला फिकी पूड गडद आणि ओलसर दिसू लागली की पेशींतली एन्झाइमं जागी झाली समजा. तो नमुना टाकून द्यावा. चमचा आणि ट्यूबही आधी गार करायला हव्यात. पूड सगळ्यात लवकर वितळते ती कोमट चमच्यावर.

क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने (२४:१) दोनदा धुऊन वरच्या थरात त्याच्या पाव पट १० मोलर लिथियम क्लोराइड घातलं आणि ट्यूब रात्रभर ४ अंशांवर ठेवल्या. आरएनए खाली बसतो, डीएनए आणि बरीचशी पॉलिसॅकराइड वरच्या द्रवात राहतात. घाई करून तासाभरात सेंट्रिफ्यूज केलं तर हाती फारसं लागत नाही.

सकाळी सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसलेले आरएनएचे गोळे, म्हणजे पेलेट, पांढरे होते. एक तपकिरीच राहिला. ती पानं वाटेतच काळी पडली होती, तिथे कुठलाच बफर कामाला येत नाही. आरएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर जास्तीचे पट्टे पाहून काहींना आरएनए तुटला असं वाटलं. हिरव्या पानात क्लोरोप्लास्टचाही रायबोसोमल आरएनए असतो, पट्टे त्याचे होते. यंत्राने दिलेला आरआयएन (आरएनए किती अखंड आहे ते सांगणारा) आकडाही त्यामुळे पानांच्या बाबतीत विनाकारण खाली येतो.

‘रात्रभर’ हा शब्द अंदाजपत्रकात एका दिवसाचं भाडं वाढवतो, आणि अनुदानाचे परीक्षक नेमकं तेच कापायला सांगतात. त्यापेक्षा सहभागी वीसऐवजी बारा घ्यावेत. वाचलेल्या पैशातून पानं वाटेत काळी पडू नयेत म्हणून त्यांची ड्राय आइसमधली (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडमधली) पाठवणी भागते, आणि परतल्यावर प्रत्येकाच्या प्रयोगशाळेला पहिल्या काही नमुन्यांची रसायनंही देता येतात. ही शेवटची तरतूद ‘इतर खर्चा’त टाकू नये. तिची वेगळी ओळ करावी, समोर झाडाचं नाव आणि नमुन्यांची संख्या लिहावी. मोघम रक्कम कापणं सोपं असतं. ‘द्राक्षाचे २४ नमुने’ कापायचे तर परीक्षकाला कारण द्यावं लागतं.