वाळूची कॉलर

शनिवार, पौष पौर्णिमा

काल रात्री मी मोबाइलवर ओहोटीची वेळ शोधत होतो, तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातूनच सांगून टाकली. "पुनव म्हणजे पंधरा. त्याची पाऊणपट कर. सव्वाअकराला भरती, मग सव्वापाचला पाणी पार आत." आई देवगडची, तिच्या माहेरी तिथीच्या पाऊणपटीवरच भरती काढायचे. अ‍ॅपमध्ये थोडी पुढची वेळ होती. आईला बोललो नाही.

साडेचारला जुहूला पोचलो. लेकीला आधी बर्फाचा गोळा हवा होता. येताना घेऊ म्हणत तिला गर्दीतून पुढे काढलं, तर पुढे वेगळेच गोळे! पाणी ओसरलेल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी, प्रत्येक नक्षीच्या मध्ये एक बारीक बीळ. पाच मिनिटं न हलता उकिडवं बसलं, की नखाएवढे खेकडे वर येतात. वाळू तोंडात घालायची, तिच्यातलं खाणं चाटूनपुसून काढायचं आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून बाजूला टाकायचा. भरती आली की सगळं पुसलं जातं, पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. "म्हणजे रोजची भांडी," आई म्हणाली.

शंखात राहणारे खेकडेही होते. एक जण तर शंख ओढत इतका घाईत निघाला होता की लेक त्याच्यामागे वाकून चालत राहिली. हात लावू नकोस, हे सांगावं लागलं नाही. तिलाच धीर होत नव्हता. (पावसाळ्यात याच किनाऱ्यावर निळे, फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात. त्यांचा डंख जबर. तेव्हा आम्ही इकडे फिरकत नाही.)

मग ती वस्तू दिसली. राखाडी, तळहाताएवढी, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली, एका बाजूला उघडी. रबराचा तुकडा असणार. सवयीने पिशवी काढली आणि उचलून आत टाकली. शेजारी काही जण ओहोटीत उघडे पडलेले जीव बघत फेरी करत होते. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७पासून अशा फेऱ्या काढतात, हे ऐकून होतो. ही तीच होती का, विचारलं नाही. त्यांच्यातली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काका, ती अंडी आहेत."

एका समुद्री गोगलगायीची. शंख गोल, गुळगुळीत, चंद्रासारखा. ती चिकट द्रवात वाळू कालवते, त्यात अंडी पेरते आणि अंगाभोवती ही कॉलर वळते. ओली असते तोवर लवचीक, वाळली की भुगा.

एवढ्यात लेकीने मूठ उघडली. माळेसाठी तिने भोकवाले शिंपले गोळा केले होते. भोकं इतकी नेटकी की गिरमिटाने पाडल्यासारखी. मुलगी हसली. "हेही तिचंच काम." शिंपल्यावर बसून, आम्ल सोडत, किसत किसत भोक पाडायचं, मग आतलं मांस खायचं. एकेका शिंपल्याला कित्येक तास लागतात.

आईला हे फार पटलं. "म्हणजे हिलाही तिसऱ्या आवडतात. फक्त विळी नाही."

मी कॉलर पिशवीतून काढून पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत ठेवली. गेल्या दोन वर्षांत तीनदा किनारा साफ करायला गेलो होतो. पोतीच्या पोती भरली होती, फोटोही काढले होते. त्या पोत्यांत अशा किती गेल्या असतील? बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आता मोजत बसू नकोस, चपला सांभाळ, पाणी येतंय."

पाणी खरंच आलं होतं. आधी गोळ्यांची नक्षी गेली. मग कॉलर थोडी उचलली गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. लेकीने शिंपले खिशात घातले, एकेक भोकातून माझ्याकडे बघून झाल्यावर. गोळा काला खट्टाच हवा, हे तिने वाटेत तीनदा सांगितलं.