खोड शोधायची

भाचा जर्मनीत असतो. कुठे फिरायला गेला की जुन्या बिल्डिंगचा फोटो पाठवतो आणि खाली एवढंच, "मावशी, ओळख." पाट्याबिट्या मुद्दाम क्रॉप केलेल्या, आणि गूगल लेन्स वापरायचं नाही असा नियम (दोनदा मोडलाय, त्याला सांगू नका).

आधी मला सगळी चर्चं सारखीच दिसायची, टोकदार, काळपट, नक्षीच नक्षी. मग कळलं की सौंदर्य बघून काही उपयोग नाही, खोड शोधायची. डावीकडे मनोरा आणि उजवीकडे नुसतं आभाळ, म्हणजे स्ट्रासबुर्ग, दुसरा मनोरा झालाच नाही तिथे, पण त्या एकट्या 142 मीटरच्या जिवावर दोनशेहून जास्त वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत म्हणून मिरवलं ते. दोन मनोरे पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही, मग शार्त्र. छपरावर झिगझॅग रंगीत कौलं, गोधडी वाळत घातल्यासारखी, ते व्हिएन्नाचं.

कलोनला मात्र फसले. म्हटलं सातशे वर्षं जुनं असणार. तर काम 1248 ला सुरू झालेलं खरं, पण मधे तीनेकशे वर्षं बंद पडलं आणि पूर्ण झालं थेट 1880 ला, म्हणजे आपल्या सीएसटीच्या जेमतेम आठ वर्षं आधी!

ड्रेस्डेनच्या चर्चच्या फोटोत फिक्या भिंतीवर मधेच काळे दगड होते, मला वाटलं ओल आलीये. तो म्हणाला, अगं 1945 च्या बॉम्बिंगमधे कोसळलं ना हे, ढिगारा जवळजवळ पन्नास वर्षं तसाच पडून होता, मग परत बांधताना त्यातलेच दगड जमतील तिथे बसवले, 2005 ला उघडलं. काळे ते जुने. त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले, कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या.

परवा मी डाव उलटवला. राजाबाई टॉवरच्या फक्त खालच्या कमानी पाठवल्या. वरचं कापलं कारण तिथे आपल्याकडच्या जातीजमातींच्या लोकांचे पुतळे आहेत, एखादी पगडी दिसली असती की संपलं. "लंडन," दोन मिनिटांत उत्तर. अर्धा मार्क दिला. डिझाइन करणारा गिल्बर्ट स्कॉट लंडनचाच, मुंबईत कधी आलाच नाही तो.

भाचा अजून पूर्ण मार्कासाठी भांडतोय.