आयर्विनचे फूट आणि दहा सेशन्स

या सुट्टीत ऑस्ट्रेलियाहून सांगलीला आले, तर शेजारच्या अण्णांनी गणपती मंदिराच्या वाटेवरच गाठलं. "काय गं, तिकडं मनाच्या डॉक्टरचं पैसं सरकार देतं म्हणं? तुझी आई सांगत हुती." म्हणजे आईनं गल्लीभर सांगून ठेवलेलं! आधी रागच आला. मग म्हटलं, आता लपवायचं काय उरलंय, लिहूनच टाकू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा मी मेलबर्नमध्ये होते आणि आई-बाबा गावभागात वरच्या मजल्यावर. दोन दिवस फोन लागला नाही. दोघं सुखरूप निघाले, खालच्या गाद्या-कपाटं गेली. त्यांनी घर धुतलं आणि विषय संपवला. मी मात्र दर जुलैत रात्री तीनला उठून बघायची, कोयनेतून किती सोडलं, आयर्विनला किती फूट. तिकडे तेव्हा थंडी असते, पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. पण पत्र्यावर थेंब वाजला की पोटात गोळा यायचा.

२०२३ मध्ये झोपेची गोळी मागायला जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. पोटात गोळा येतो हे इंग्रजीत सांगायला 'लम्प' म्हणाले, तर बाईंनी पोटच तपासायला घेतलं! मग दहा प्रश्नांचा कागद दिला. गेल्या चार आठवड्यांत विनाकारण दमल्यासारखं कितीदा वाटलं, प्रत्येक गोष्ट करताना जोर लावावा लागला का, असं काहीबाही. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. माझी बेरीज बघून त्यांनी तिथंच 'मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन' लिहिला. सर्दी-खोकल्याच्याच डॉक्टर, त्याच खुर्च्या. बाहेर बसलेल्यांना मी कशाला आलेय याचा पत्ता नाही. मला तरी याचंच अप्रूप वाटलं.

फुकट मात्र नाही हं. मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना हवी. माझं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी झालेली म्हणून मिळालं, आपल्याकडून शिकायला गेलेल्या पोरांना ते नसतं. माझ्या सायकॉलॉजिस्टची तेव्हाची फी २२० डॉलर, ती आधी पूर्ण भरायची, मग त्यातले १३० च्या वर खात्यात परत यायचे. उरलेले आपले. आणि हे वर्षाला दहाच सेशन्सना. पहिल्या सहानंतर पुन्हा जीपीकडे जाऊन पुढची चिठ्ठी आणायची. करोनात वीस केली होती, २०२२ संपताना पुन्हा दहावर आणली.

सायकॉलॉजिस्टनं पातळी बघू नको असं म्हटलंच नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघ म्हणाली, फोन मात्र रात्री स्वयंपाकघरात. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा स्वयंपाकघरात गेले. सहाव्या सेशनपर्यंत जाणं थांबलं.

अण्णा हे सगळं ऐकून गप्पच. मग नदीकडे बघत म्हणाले, "मला बी पाऊस लागला की डोळा लागत न्हाई बघ." ते २०१९ ला तीन दिवस गच्चीवर होते. त्यांना १४४१६ सांगितला, मनाच्या त्रासासाठीची सरकारची फोन हेल्पलाइन, टेलिमानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, मराठीतही बोलतात. "बघू," म्हणाले आणि चालू लागले.

रात्री जेवताना त्यांचा नातू दारात. "आजोबा इचारत्यात, नंबर काय हुता? आणि तिथं बाई बोलत्या का बुवा?"