कासवाचं नाणं कस्टम्समधून सोडवताना : माझा अनुभव

फिजीच्या 'टाकू' या चांदीच्या नाण्यांवर हॉक्सबिल हे समुद्री कासव असायचं, तेव्हापासून ते मला आवडतं. २०१४पासून हे नाणं प्रशांत महासागरातल्या न्युए या चिमुकल्या बेटाच्या नावाने निघू लागलं आणि तेच मी मागवलं. एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ शुद्धतेची (हजारात ९९९ भाग) चांदी. ऑर्डर, पैसे, पाठवणी, सगळं सुरळीत. पार्सल अडकलं ते कस्टम्समध्ये.

नाण्यावर '२ डॉलर' आणि बिलावर त्याच्या कितीतरी पट रक्कम! खिडकीवरच्या साहेबांनी कॅप्सूल, म्हणजे नाण्याची प्लॅस्टिकची डबी, उजेडात धरली, एलिझाबेथ राणीचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "मग हे इंग्लंडचं नाही का?" मी सांगितलं, न्युएचा न्यूझीलंडशी मुक्त सहयोग आहे (कारभार स्वतःचा, पण न्यूझीलंडशी जोडलेला), राष्ट्रप्रमुख मात्र ब्रिटिश राजगादीचाच, म्हणून राणी. "चलन आहे तर दोन डॉलरच्या नाण्याला एवढे पैसे कशाला मोजलेत?" कारण किंमत चांदीची आणि घडणावळीची आहे. "मग चांदी म्हणूनच दाखवा." ते कसं दाखवणार? कस्टम्सच्या जागतिक माल-वर्गीकरणात नुसत्या चांदीचा क्रमांक ७१०६ आणि नाण्यांचा ७११८. माझी बाजू बरोबर होती, पण ऐकून कोण घेतो! पुढच्या खेपेला खिडकीवर दुसरेच साहेब, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचा राग मला अजून आहे.

शेवटी एका कागदावर सगळं लिहून दिलं: धातू, शुद्धता, वजन, कोणत्या देशाचं नाणं, दर्शनी मूल्य, प्रत्यक्ष मोजलेली किंमत. सोबत पैसे भरल्याची पावती. तो कागद वाचला आणि शिक्का बसला. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हा हा तपशील पार्सल निघायच्या आधीच विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्या. तो 'भेटवस्तू' लिहितो म्हणाला तर साफ नाही म्हणा. खोटी नोंद तुमच्याच गळ्यात येते. नाणं कोणाचं आणि पाडलं कुठे, हेही वेगवेगळं लिहा. तुवालू या बेटदेशाची कितीतरी नाणी ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंट या टांकसाळीत पडतात.

आणि हो, तपासणीत कॅप्सूल उघडायची वेळ आली तर नाणं फक्त कडेने धरायला सांगा. पुढे त्यावर पांढुरके डाग दिसले तरी घासू नका. शुद्ध चांदीच्या नाण्यांवर ते येतात. घासलं तर डाग राहतात आणि वर ओरखडे पडतात.